जुने अड्डे, नवी कल्हई: पुण्याची ऑफिस ट्रिप आणि घरी साठलेली कामं

जुन्या जागांचे रिव्ह्यू वाचताना मला कायम शंका येते की लिहिणारा मिसळीला मार्क देतोय की स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांना. म्हणून हा लिहिताना एकच नियम ठेवलाय, आठवणींचे ग्रेस मार्क मिळणार नाहीत. आज पहिल्यांदा पुण्यात उतरलेल्या माणसाने खिशातले पैसे घालून तिथे जावं का, एवढंच बघायचं.

माझं थोडक्यात सांगते. शिक्षण पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेली, मग नोकरीच्या मागे बंगळुरूला गेले ती तिथलीच झाले. आईबाबा दादाकडे ठाण्याला, त्यामुळे पुण्याला जायला कारणच उरलं नव्हतं. यंदा ऑफिसने बाणेरला क्लायंटकडे पाठवलं, दिवसभर मीटिंगा पण संध्याकाळी मोकळी, आणि शनिवार मी माझ्या खर्चाने जोडून घेतला. निघताना नवऱ्याने बॅग उचलली आणि म्हणाला अगं लॅपटॉप नेतेयस की वरवंटा, तर आत आजीचं पितळी पातेलं होतं. बंगळुरूत आमच्या भागात कल्हईवाला शोधून शोधून दमले होते, आतली कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, पार गेलेली, ताकाची कढी सोडाच साधी चिंचगुळाची आमटी केली तरी कळकणार, त्यामुळे ते गेली काही वर्षं नुसतं माळ्यावर बसून होतं. आईला फोन केला तर ती म्हणाली पुण्याला चाललीच आहेस तर तांबट आळीत जाऊन ये की बाई, हॉटेलात काय जन्मभर खायचंच आहे. म्हणून बॅगेत पातेलं आणि पातेल्यात मोजे, चार्जर, औषधं असं सगळं कोंबून नेलं. चेक-इनला टाकलं, कोणी काही विचारलं नाही.

आता खाण्याचं. गुडलक चौकातलं कॅफे गुडलक, १९३५ सालचं, चौकाला नाव त्याच्यावरूनच पडलंय. सकाळी क्लायंटकडे जायच्या आधी गेले. बन मस्का आणि चहा. बन मऊ, आत मस्का सढळ हाताने, चहा कडक इराणी पद्धतीचा, दुधाळ पण पुचाट नाही. यात आठवणी काढून टाकल्या तरी काय उरतं? मस्का आणि मैदा उरतो, आणि तो सकाळी साडेसातला गरम चहात बुडवला की चांगलाच लागतो, त्यात उगाच काव्य नको. शेजारच्या टेबलावरचे आजोबा पेपरची सुरनळी करून वेटरला बोलवत होते आणि वेटर त्यांना न विचारता त्यांचं नेहमीचं घेऊन आला. पास. गर्दीच्या वेळी निवांत बसायला मिळेल या आशेने मात्र जाऊ नका, लोक उभे असतात तुमची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत.

वैशालीबद्दल मला जरा धाकधूक होती. कारण मी आता अशा गावात राहते जिथे कोपऱ्यावरच्या दर्शिनीतही डोसा छान मिळतो, उभ्याने खाऊन दहा मिनिटांत बाहेर. वैशाली उभी करणारे जगन्नाथ शेट्टी मुळात कर्नाटकातले, २०२३ मध्ये ते गेले, म्हणजे खरंतर बंगळुरूहून येऊन एफसी रोडला डोसा खायचा हा उलटा प्रवास झाला. म्हणून मी डोसा मागवलाच नाही. एसपीडीपी मागवली, म्हणजे शेव बटाटा दही पुरी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही गोष्ट माझ्या कानडी मैत्रिणींना समजावून सांगता येत नाही, चाट म्हणावं तर उत्तरेकडच्या चाटसारखी झणझणीत नाही, वर कोथिंबीर, बारीक शेव, गोडसर दही, आणि पुऱ्या खालून मऊ पडायच्या आत संपवायच्या असतात त्यामुळे गप्पा मारत खाता येत नाही. मी तर एकटीच होते, मस्त संपवली. नंतर फिल्टर कॉफी. पास, आणि तेही ग्रेस न देता. वेटिंगला नाव द्यावं लागतं, एकटे असाल तर टेबल शेअर करायची तयारी ठेवा.

बेडेकरांची मिसळ. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात. इथे दोन पार्ट्या आहेत हे मला माहितेय आणि कोल्हापूरची माणसं पुढचं वाक्य वाचून चिडणार. मला आवडते. गोडसर रस्सा आहे, पावाऐवजी स्लाइस ब्रेड आहे, मिसळीत पोहे असतात, आणि हे सगळं मुद्दाम तसंच आहे. ब्रेडची स्लाइस रस्सा पावापेक्षा जास्त पिते, हे खाऊन बघितल्याशिवाय पटत नाही, तुकडा बुडवला की लगेच तोंडात टाकायचा नाहीतर अर्धा वाटीत राहतो. तिखट खायचं असेल तर कोल्हापूरला जा ना, तिथली तिथे, इथली इथे. नवीन माणसाला पाठवीन का? हो, पण सांगून पाठवीन की घाम येणार नाही, आणि घाम येण्यासाठी जाणाऱ्यांनी जाऊ नये.

आमची जुनी खाणावळ मात्र साफ नापास. नाव नाही लिहीत, माणसं ओळखीची आहेत. पूर्वी दोन भाज्या, त्यातली एक पालेभाजी असायचीच, आमटी वाढपी स्वतः येऊन वाढायचे आणि पोळी तव्यावरून ताटात. आता स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात पनीरची लाल भाजी, पोळ्या कॅसरोलमधल्या घाम फुटलेल्या, आणि आमटीला फोडणी बसलीच नव्हती, मोहरी वर तरंगत होती तीही न तडतडलेली. न तडतडलेली मोहरी दाताखाली आली की कडू लागते, ज्याने स्वयंपाक केलाय त्याला घाई होती हे लगेच कळतं. गल्ल्यावरचे काका म्हणाले ताई आता पोरांना हेच पाहिजे. असेल. समोरच्या टेबलावरची दोन पोरं मोबाइलवर रील बघत अर्धी भाजी टाकून उठली एवढं मी पाहिलं. ऑफिसने दिलेल्या हॉटेलबद्दलही फार बोलण्यासारखं नाही, गरम पाण्याला सकाळी वीस मिनिटं लागायची आणि ब्रेकफास्टचे पोहे गार, चालायचंच.

सुजाता मस्तानी, सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी. मस्तानी म्हणजे दाट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा, आता वयोमानाने अख्खी जात नाही, कॉलेजमध्ये जेवण चुकवून तीच घ्यायचो. मैत्रिणीला बोलावलं होतं, एकात दोघी. आंबा. पास. पुढे लिहायला काही नाही, दुधात आइस्क्रीम आहे, वाईट कसं लागेल.

कयानी बेकरीसाठी कॅम्पात ईस्ट स्ट्रीटला जावं लागतं, १९५५ पासून चालू आहे, श्रूजबेरीसाठी रांग. दुपारी बंद असते हे विसरू नका, बाहेरगावची माणसं हमखास दुपारी दीड वाजता बंद दरवाजाचा फोटो काढताना दिसतात. श्रूजबेरीचा मुद्दा असा की हे बिस्कीट बेकरीतून घेतल्यावर पहिल्या दोन दिवसांत जे लागतं ते नंतर तसं लागत नाही, लोण्याचा वास कमी होतो. त्यामुळे पाच-पाच किलो घेऊन ऑफिसभर वाटणाऱ्यांनी ती प्रवासाच्या आदल्या दिवशी घ्यावीत, पहिल्या दिवशी घेऊन हॉटेलात ठेवू नयेत. चितळ्यांची बाकरवडी टिकते, ती आधी घेतली तरी चालते. आणि चितळे दुपारी एक ते चार बंद असतात हा जोक आता जुना झालाय हो, २०१७ पासून दुकान दुपारीही उघडं असतं, नवीन जोक शोधा.

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. खरा रिव्ह्यू शनिवारचा आहे.

शिवाजीनगरहून मेट्रो घेतली. शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला आणि पेठांसाठी ही सगळ्यात मोठी सोय आहे असं माझं स्पष्ट मत. ज्याने शनिवारी लक्ष्मी रोडला रिक्षात बसून मीटरकडे बघत तासभर घालवलाय त्यालाच कळेल. कसबा पेठ स्टेशनला उतरायचं, सरकत्या जिन्याने वर यायचं आणि एकदम वाडे, मारुती, सायकलची दुकानं. त्या स्वच्छ गारेगार स्टेशनातून कसब्यातल्या गल्लीत पाऊल टाकलं की क्षणभर बावचळायला होतं.

तांबट आळी शोधायला मॅप नको, आवाज पुरेसा आहे. ठक ठक ठक, एका तालात नाही, चार घरांचे चार ताल. हे तांबट पेशवाईत कोकणातून आले असं सांगतात. पत्रा तापवायचा, मऊ करायचा, मग लाकडाच्या नाहीतर लोखंडी आधारावर ठेवून हातोडीने ठोकत ठोकत आकार द्यायचा आणि शेवटी मठारायचं. ते मठारकाम म्हणजे भांड्यावर दिसणारे बारीक गोल ठसे, लोकांना वाटतं नक्षी आहे, पण ठोकल्याने पत्रा कडक होतो, भांड्याला लवकर पोचे पडत नाहीत, शोभा हा वरचा फायदा. हल्ली मशीनवर छाप मारलेले नकली ठसेही मिळतात. ओळखायचं कसं तर भांडं उजेडाकडे तिरकं धरा, हाताने मठारलेले ठसे ओळीत असतात पण सगळे एकाच मापाचे नसतात, मशीनचे डिट्टो एकसारखे. हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवलं, विकायचं काही नव्हतं त्यांना, मी बघत उभी राहिले म्हणून.

कल्हईवाले जवळच सापडले. पातेलं हातात घेऊन त्यांनी आतून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "ताई, हे जुनं काम आहे, जाड आहे. काय केलंत याचं?" मी म्हटलं माळ्यावर होतं. "मग सुटलं म्हणायचं, वापरलं असतं तर खराब केलं असतंत." यावर काय बोलणार.

काम बघायला मिळालं त्याचं वर्णन करतेच, कारण आमच्या सोसायटीतल्या पोरांना कल्हई म्हणजे काय हे माहीत नाही. आधी पातेलं आतून घासून लख्ख केलं. मग भट्टीवर उलटसुलट तापवलं, पूर्वी भाता असायचा आता छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर. पुरेसं तापलं की आत नवसागराची पूड टाकली, भस्सकन पांढरा धूर, नाकात झोंबणारा, मी दोन पावलं मागे. नवसागराने धातूवरचा मळ आणि ऑक्साइड सुटतं, ते नाही केलं तर कथील धरतच नाही. मग कथलाची कांडी तापलेल्या बुडाला नुसती टेकवली, थेंबासारखी वितळली, आणि चिमट्यात धरलेल्या कापसाच्या बोळ्याने तो थेंब सर्रकन गोल फिरवला, आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होत गेलं, बूड, मग कड, मग गळा. पूर्ण फिरवायला मिनिटभरही लागलं नसेल. शेवटी पाण्यात, चर्र. पैसे भांड्याच्या मापावर घेतात, कथील महाग झालंय म्हणाले, मी घासाघीस केली नाही आणि तुम्हीही करू नका, एवढ्या धुरात बसून काम करणारी माणसं आहेत.

नंतर तिथल्याच एका अमृततुल्यमध्ये चहा घेतला तर चहाचं पातेलं पितळी, आतून कल्हई केलेलं. पुण्यातले जुने अमृततुल्यवाले मूळचे राजस्थानकडचे, आणि हे पितळी पातेलं त्यांची जुनी पद्धत. सवयीने शंभर वेळा बघितलेली वस्तू, पण आता आत डोकावून कल्हई कुठे झिजलीय ते बघत होते, चहावाल्याने विचारलं काही पडलं का ताई. चहा गोड, आलं आणि वेलची दोन्ही, कप छोटा. पास.

मग बोहरी आळी, रविवार पेठ. ज्यांच्या घरी दुरुस्तीची यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे त्यांनी इथे यादी घेऊन जावं, नाहीतर नको ते घेऊन याल. दुकानदार दोन प्रश्न विचारतात आणि वस्तू काढून देतात. मी म्हटलं सिंकच्या कडेला लावायला सिलिकॉन द्या. ते म्हणाले ओटा कशाचा? ग्रॅनाइट. मग न्यूट्रल वालं घ्या, व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, दगडावर डाग पडतो. ऑनलाइन मी चार महिने तेच वासाचं कार्टमध्ये ठेवून बसले होते! टेफ्लॉन टेप, सीलंटची गन, मच्छरजाळीचं वेलक्रो, आणि पुढे एका किराणा होलसेलवाल्याकडून अर्धा किलो लिंबूसत्व. मंडईजवळून बिडाचा तवाही घेतला, जड. महात्मा फुले मंडईच्या त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभी राहून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी विचार करत होते की आता विमानात वजन किती भरणार. भरलं थोडं जास्त, पैसे भरले. गन, तवा सगळं चेक-इनलाच टाका, केबिन बॅगेत नेऊन सिक्युरिटीवाल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता घर. रविवारी नवरा म्हणाला आराम कर, मी म्हटलं आज नाही केलं तर हे सगळं सामान पुन्हा माळ्यावर जाणार.

लिंबूसत्व, पूर्ण मार्क. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, जड, नळांच्या तोंडाला पांढरे खडे, शॉवरची अर्धी भोकं बंद, पाणी तिरकं भिंतीवर उडायचं. हा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने विरघळतो. गरम पाण्याच्या मगमध्ये दोन मोठे चमचे, नळाच्या जाळ्या आणि शॉवरचं डोकं काढून त्यात बुडवलं, लगेच बारीक बुडबुडे यायला लागतात. तासाभराने जुन्या टूथब्रशने घासलं की झालं. शॉवर निघत नसेल तर पिशवीत हेच पाणी भरून ती शॉवरला रबरबँडने बांधा. दुकानात डिस्केलर म्हणून विकत मिळतात त्या पुड्यांपैकी बऱ्याच पुड्यांत मुख्य माल हाच असतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. संगमरवरावर अजिबात सांडू नका, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, चकाकी जाते. आणि ब्लीचसोबत कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू होतो, बाथरूम धुताना दोन्ही एकदम ओतणारे महाभाग आमच्याच मजल्यावर आहेत.

सिंकचं सिलिकॉन. जुनं काळं पडलेलं ब्लेडने खरवडून काढण्यातच सकाळ गेली, लावायला दहा मिनिटं. नळी तिरकी कापायची, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एका दमात ओढायचं, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून गुळगुळीत करायचं आणि ओलं असतानाच टेप काढायची. जागा आधी पूर्ण कोरडी हवी. नंतर चोवीस तास सिंक बंद, म्हणजे भांडी बाथरूममध्ये, यावरून घरात जी चर्चा झाली ती इथे नको. वस्तू उत्तम, पण ज्यांच्याकडे एकच सिंक आहे त्यांनी बाहेर जेवायचा दिवस बघून करा.

वेलक्रोची मच्छरजाळी, ठीकठाक. खिडकीची चौकट नीट पुसली नाही तर आठवड्यात कोपरे सुटतात असं दुकानदारानेच सांगितलं होतं, म्हणून स्पिरिटने पुसून लावलं. बघू, उन्हाळ्यात कळेल.

बिडाच्या तव्याला अजून मार्क देत नाही. धुऊन भाताच्या पेजेत भिजवला, कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात, धूर येईपर्यंत तापवला, गार केला, पुन्हा तेच, मध्ये अर्धा कांदा तेलात फिरवून. पहिलं घावन चिकटलं, दुसरं अर्धं सुटलं, तिसरं आलं अख्खं. नॉनस्टिकसारखं पहिल्या दिवशी सरकेल ही अपेक्षा ठेवून बीड घेऊ नका आणि साबणाने खसाखसा घासून ठेवू नका, पुसून तेलाचा हात लावून ठेवा.

पातेल्यात पहिलं काय केलं तर चिंचगुळाची आमटी, मुद्दाम, परीक्षाच घ्यायची होती. कळकली नाही. आईला व्हिडिओ कॉलवर आतून दाखवलं तर तिला आमटीपेक्षा कल्हईतच इंटरेस्ट, म्हणाली कडेपर्यंत नीट फिरवलीय, माणूस चांगला मिळाला तुला. फक्त वापरायचे नियम लक्षात ठेवा. रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, कथील २३२ अंशाला वितळतं, मोठ्या आचेवर कोरडं पातेलं तिथपर्यंत आरामात जातं आणि कल्हई गोळा होते. फोडणी त्यात द्यायची नाही, कढल्यात करून वरून ओतायची. तारेची घासणी बंद, आमच्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मग हे तुम्हीच घासा मॅडम, तसं ठरलंय. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई, रोज वापरलंत तर वर्षाच्या आतच लागेल.

यादीत अजून गीझर आहे, पण त्याला मी हात लावणार नाही, आतला कॉइल आणि अॅनोड रॉड बघायला माणूस बोलावलाय, तो मंगळवारी येतो म्हणालाय. म्हणजे गुरुवारी येईल.